नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?



पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा आहे. चाळ मात्र आता थांबू देत नव्हती, म्हणून दोन दिवस घरातले सगळे मिळून कांदा निवडत बसलो. एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळी कांदा वरून बघितला तर झकास दिसतो. खालच्या थरात हात घातला की ओल लागते, मग वास येतो. काजळी आलेला वेगळा, कोंब फुटलेला वेगळा, गोल्टी वेगळी. तीन ट्रॅक्टर भरतील असं वाटलं होतं, दोनच भरले. भाव काय चाललाय ते तुम्हाला माहीत आहे, तो लिहून तुमचं आणि माझं डोकं तापवत नाही.

आज लिहायचंय ते वेगळं आहे. कांदा निवडताना पोरानं मोबाईलवर बातमी लावली होती. २१ ऑगस्टला, म्हणजे आपल्याकडं खांदेमळणी चालू होती त्याच दिवशी, लोकसभेचं पावसाळी अधिवेशन संपलं. शेवटच्या दिवशी अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सांगितलं की या अधिवेशनात ४१९ तारांकित प्रश्न कामकाजात होते, त्यातल्या ५५ प्रश्नांची तोंडी उत्तरं झाली. १२० तास चर्चा करायचं ठरलं होतं, ३७ तास झाली.

माझा हात थांबला. ४१९ मधले ५५. आमच्या चाळीतसुद्धा एवढी सड नाही हो.

आता तारांकित म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही चार वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. खासदार मंत्र्याला लेखी प्रश्न देतो. ज्या प्रश्नावर तारा असतो त्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात उभं राहून द्यायचं असतं. त्यावर पुन्हा उपप्रश्न विचारता येतो, आणि तिथंच खरी गंमत आहे. लेखी उत्तर अधिकारी लिहून देतात, उपप्रश्नाचं उत्तर मंत्र्याला स्वतःला द्यावं लागतं. खात्याचा अभ्यास आहे की नाही ते त्या दोन मिनिटांत उघडं पडतं. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न, तेही सोडतीनं निघालेले. बाकीचे अतारांकित, त्यांची उत्तरं फक्त कागदावर. सकाळी ११ ते १२ हा तास त्यासाठीच राखलेला. गोंधळ सुरू झाला की पहिला बळी याच तासाचा जातो. मग तारांकितचं उत्तरही नुसतं पटलावर ठेवतात आणि उपप्रश्न राहून जातो. उत्तर मिळतं, जाब मिळत नाही.

मला हा नाद लागला तो २०२३ च्या कांदा अनुदानापासून. आठवतंय ना ते वर्ष? फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याचे खर्च वजा जाता हातात दोन रुपये आले. दोन रुपयांचा चेक सगळ्या देशानं बघितला. मुंबईत अधिवेशन चालू होतं, विरोधी आमदार गळ्यात कांद्याच्या माळा घालून पायऱ्यांवर उभे राहिले. मार्चमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आधी क्विंटलला ३०० रुपये जाहीर केले, मग त्याचे ३५० झाले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेला कांदा, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल. म्हणजे कमाल ७० हजार रुपये. वाईट नव्हतं, खोटं कशाला बोला.

पण शासन निर्णय आला आणि त्यात सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद पाहिजे अशी अट होती. माझ्या चुलतभावाच्या उताऱ्यावर कांदाच नव्हता. रानात कांदा, चाळीत कांदा, बाजार समितीच्या पट्टीवर कांदा, आणि सरकारच्या दप्तरी मात्र त्या गटात मागच्या वर्षीचा ऊस उभा. नोंद करायला गेला तर ॲपला रेंज नाही, रेंज आली तर मुदत संपलेली. पुढं बोंबाबोंब झाल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांच्या पाहणीवर मार्ग काढला गेला. पैसे हप्त्याहप्त्यानं आले.

तेव्हा मी विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या शोधून वाचायला लागलो. संकेतस्थळावर असतात, कोणीही वाचू शकतो. वाचताना पहिल्यांदा हसू येतं. प्रत्येक प्रश्नाची ठेवण एकच. "अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरांचीही ठेवण ठरलेली. "हे खरे नाही." "अंशतः खरे आहे." "चौकशी सुरू आहे." आणि सगळ्यात शेवटी, विलंबाच्या कारणांसमोर, "प्रश्न उद्भवत नाही."

हे 'अंशतः खरे आहे' मला फार आवडतं. चाळीतल्या कांद्याला बायको विचारते चांगला आहे का, तेव्हा मीही आता तेच सांगतो.

हसून झाल्यावर मात्र कळायला लागतं की या कोरड्या कागदाला वजन आहे. याच जुलैचं उदाहरण घ्या. विधिमंडळात प्रश्न विचारला गेला म्हणून मदत व पुनर्वसन मंत्री मकरंद पाटील यांना लेखी उत्तर द्यावं लागलं की जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली ३७३ प्रकरणं मदतीला पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीत. सरकारच्या सहीचा आकडा. भाषणात कोणी हजार म्हणेल, कोणी शंभर म्हणेल, हा कागद आता कोणालाच खोटा पाडता येणार नाही. आणि त्यातला २०० हा आकडा बघा. माणूस गेला, घर बसलं, आणि फाईलवर शिक्का पडला 'अपात्र'. का अपात्र, हा पुढचा उपप्रश्न. तो ज्यानं विचारला त्यानं खरं काम केलं, असं मी म्हणेन. माळ घालणाऱ्यापेक्षा जास्त.

माळेला माझा विरोध नाही. दोन रुपयांचा चेक गाजला नसता तर ३५० रुपये आले नसते, हे मला कळतं. पण माळेचा फोटो निघतो आणि संध्याकाळी माळ कचऱ्यात जाते. फोटोला मंत्री उत्तर देत नाही.

आता आपल्या कांद्याची खरी अडचण सांगतो. कांद्याचा बाप कोण, हेच ठरत नाही. पिकतो राज्यात, बाजार समिती राज्याची. निर्यात बंद-चालू करतं केंद्राचं वाणिज्य मंत्रालय. भाव वाढला की बफर साठा बाहेर काढतं ग्राहक व्यवहार मंत्रालय. नाफेड कृषी मंत्रालयाकडं, एनसीसीएफ ग्राहक व्यवहारकडं. मुंबईत विचारलं तर 'हा केंद्राचा विषय आहे'. दिल्लीत एकाला विचारलं तर दुसऱ्या खात्याकडं बोट. आणि नावातच बघा की, आपल्या मालाचा भाव ज्या खात्याच्या हातात आहे त्याचं नाव ग्राहक व्यवहार. उत्पादक व्यवहार नावाचं खातं कुठं आहे का? असलं तर मला सांगा, मी पत्र टाकतो.

दोन तारखा मी वहीत लिहून ठेवल्यात.

पहिली, १४ सप्टेंबर २०२०. त्या दिवशी संसदेचं अधिवेशन सुरू झालं. करोनाचं कारण देऊन त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास काढून टाकला होता. लेखी प्रश्न तेवढे ठेवले होते, समोरासमोरचे नाहीत. आणि त्याच दिवशी केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. मी असं म्हणत नाही की ठरवून केलं. योगायोग असेल. पण ज्या दिवशी आपल्या पोटावर पाय आला, नेमकं त्याच दिवशी विचारायची खिडकी बंद होती.

दुसरी, ७ डिसेंबर २०२३. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. मग ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ पासून निर्यात पूर्ण बंद. नागपूरचं हिवाळी अधिवेशन त्याच ७ तारखेला सुरू झालेलं. तिथं आवाज उठला, पण निर्यात राज्याच्या हातात नाही. दिल्लीतही अधिवेशन चालू होतं, ४ डिसेंबरपासून. तर मग तिथं विचारायचं ना? इथं नियम बघा. लोकसभेत प्रश्नाला पूर्ण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ८ तारखेला सकाळी प्रश्न दिला तरी १५ दिवस भरतात तेव्हा २३ तारीख उजाडते, आणि अधिवेशन ठरलंच होतं २२ पर्यंत. म्हणजे बंदीवरचा साधा प्रश्न त्या अधिवेशनात नियमानं बसतच नव्हता. अल्पसूचना प्रश्न असतो, पण त्याला मंत्र्याची तयारी लागते. शून्य प्रहरात बोलता येतं, पण तिथं मंत्र्यावर उत्तर द्यायचं बंधन नाही.

त्यात १३ तारखेला लोकसभेत दोन तरुणांनी उड्या मारल्या. त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधक अडून बसले आणि निलंबनाचा सपाटा सुरू झाला. दोन्ही सभागृहं धरून १४६ खासदार बाहेर. १९ तारखेला आपल्या शेजारच्या शिरूरचे अमोल कोल्हे आणि बारामतीच्या सुप्रिया सुळे पण गेले. निलंबित झालं की त्या सदस्याचे आधी दिलेले प्रश्नही यादीतून वगळले जातात. खासदाराला शिक्षा झाली असं आपण म्हणतो, पण प्रश्न त्याचा नव्हता की. तो कोणाच्या तरी रानातून आला होता.

गंमत म्हणजे तेव्हा वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती पीयूष गोयल या एकाच मंत्र्याकडं होती. म्हणजे या खात्याचं त्या खात्यावर ढकलायचीही सोय नव्हती. एकच माणूस, एकच प्रश्न: बंदी घालण्यापूर्वी शेतकऱ्याचं किती नुकसान होईल याचा हिशोब मांडला होता काय? असल्यास तो सभागृहापुढं ठेवा. नसल्यास, का नाही?

हे वाचून काही जण म्हणतील की ही फक्त दिल्लीवाल्यांवर टीका आहे. तसं नाही. जुलै २०२१ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार असताना मुंबईचं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत गुंडाळलं होतं, आणि पहिल्याच दिवशी भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. ते निलंबन सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द केलं. सत्तेत बसलेल्याला प्रश्न नको असतो, झेंडा कुठलाही असो. काल विचारणारा आज उत्तर द्यायला बसला की त्याचीही भाषा 'अंशतः खरे आहे' होते. विरोधी पक्षनेते राहिलेले राधाकृष्ण विखे पाटील आज मंत्री आहेत, मंत्री राहिलेले बाळासाहेब थोरात आज सभागृहाबाहेर आहेत. आपल्या जिल्ह्यानं हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आमच्या गावातल्या एका जाणत्या माणसाबरोबर पारावर यावर वाद झाला. ते म्हणाले, "अरे, कुठला प्रश्न आणि कुठलं उत्तर. बंदी उठली ती ४ मेला, आणि नगरचं मतदान होतं १३ मेला. तारखा बघ म्हणजे कळेल काय चालतं ते." मला पटकन उत्तर सुचलं नाही. तारखा खऱ्याच आहेत. पुढचंही तसंच आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला, आणि किमान निर्यात मूल्य काढून शुल्क ४० वरून २० टक्के केलं १३ सप्टेंबरला. मताला घाबरतात, प्रश्नाला नाही, हे त्यांचं म्हणणं मी सरळसरळ खोडू शकत नाही.

पण घरी येऊन हिशोब मांडला. डिसेंबरला बंदी आली, मेमध्ये उठली. तोवर लाल कांदा मातीमोल विकून झाला होता, कारण तो साठवता येत नाही. मताची पाळी पाच वर्षांनी येते. कांद्याला पाच वर्षं नसतात, लाल कांद्याला पाच आठवडेसुद्धा नसतात. मधल्या काळात विचारायचं कोणी, आणि कुठं?

आता आपल्याकडंही बोट वळवू. याच जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ आपल्या कर्जत-जामखेडच्या आमदार रोहित पवारांनी टाकला. कोकाटे म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. महिन्याच्या शेवटी त्यांचं खातं बदललं, कृषी दत्तात्रय भरणे यांच्याकडं गेलं. पंधरा दिवस गावागावात तेच. मीही हसलो, मीही दोन विनोद पुढं पाठवले. मग एक दिवस मनात आलं, त्या वेळी सभागृहात विषय कुठला चालू होता? ओळखीच्या दहा जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. मलाही माहीत नव्हतं.

खासदार नीलेश लंके यांच्या शपथेचंही तेच. निवडणुकीत सुजय विखे यांनी इंग्रजीवरून डिवचलं होतं, म्हणून लंके यांनी जून २०२४ मध्ये इंग्रजीत शपथ घेतली. महिनाभर जिल्ह्यात चर्चा, इंग्रजी बरोबर होतं की नाही. पुढं जुलैमध्ये त्यांनी कांदा आणि दुधासाठी नगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आंदोलन केलं, त्याचेही फोटो सगळ्यांकडं आहेत. पण त्यांनी, शिर्डीच्या वाकचौरे साहेबांनी, किंवा तुमच्या आमदारानं सभागृहात कांद्यावर किती प्रश्न दिले आणि काय उत्तर आलं, हे तुमच्यापैकी कितीजणांनी बघितलंय? लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकलं की सगळी यादी येते. चांगलं असेल तर शाबासकी द्या, नसेल तर विचारा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या चौथाईत होईल.

जिल्ह्याला या गोष्टीची परंपरा नाही असं नाही. शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ असे दहा वर्षं विधानसभेचे अध्यक्ष होते. आज विधान परिषदेच्या सभापतीच्या खुर्चीत चौंडीचे राम शिंदे आहेत. प्रश्नाला वेळ द्यायची की नाही हे ठरवणारी खुर्ची आपल्या माणसाकडं आहे. मग प्रश्न पाठवायला आपण का कमी पडावं?

तर मी काय केलंय ते सांगतो. डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन आहे. प्रश्न ऐनवेळी देऊन चालत नाहीत, काही आठवडे आधी द्यावे लागतात, म्हणून आताच लिहून ठेवलेत. राज्याचे राज्याला, केंद्राचे केंद्राला. सभागृहाच्याच भाषेत लिहिलेत, म्हणजे पीएला नव्यानं लिहायचा त्रास नको.

आमदारांसाठी: कांदा अनुदान २०२३ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांचे अर्ज ई-पीक पाहणीच्या नोंदीअभावी नाकारण्यात आले? त्यापैकी किती अर्ज फेरतपासणीत मंजूर झाले? पुढील अनुदानात बाजार समितीची विक्रीपट्टी हाच पुरावा ग्राह्य धरण्याबाबत शासनाने निर्णय घेतला आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

खासदारांसाठी: सन २०२५-२६ च्या ३ लाख टन बफर खरेदीपैकी अहिल्यानगर जिल्ह्यातून किती कांदा, किती शेतकऱ्यांकडून, कोणत्या दराने घेतला? आणि निर्यातीवर बंधन घालण्यापूर्वी शेतकऱ्यांना किमान एका हंगामाची पूर्वसूचना देण्याचे धोरण सरकार आखणार आहे काय?

दुसऱ्या प्रश्नाचा शेवटचा भाग पारावरच्या त्या जाणत्यांनी घालायला लावला. "एवढं विचारतोच आहेस तर हेही विचार," म्हणाले. हसत होते, पण कागदावर पहिली सही त्यांनीच केली. आज संध्याकाळपर्यंत एकोणतीस सह्या झाल्यात. दोन जणांनी सही केली नाही. एक म्हणाला साहेबांना राग येईल, दुसरा म्हणाला आधी चाळ रिकामी होऊ दे.

ज्यांना हाच कागद आपल्या गावात फिरवायचा असेल त्यांनी खाली सांगा, फोटो टाकतो. तुमच्या तालुक्याचा वेगळा प्रश्न असेल, दुधाचा, पाण्याचा, विम्याचा, तर त्यात घाला. फक्त एक करा. प्रश्नात भाषण नको, तारीख आणि आकडा मागा. आकडा मागितला की 'अंशतः खरे आहे' म्हणता येत नाही.

उद्या पहाटे कांदा घेऊन घोडेगावला निघतोय. पट्टी आली की भाव इथंच टाकेन.